ओळखी जोडायला महाविद्यालयात शिकवता येते का?

प्रयोगवही

मी पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी रसायनशास्त्र शिकवतो आणि तीन वर्षांपासून रोजगार मार्गदर्शन कक्षाचे कामही पाहतो. गेल्या हिवाळ्यात एका फाउंड्रीतील (धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यातील) गुणवत्ता विभागाचे प्रमुख आमच्याकडे व्याख्यानाला आले होते. व्याख्यान संपल्यावर पुढे येऊन प्रश्न विचारणाऱ्या चार विद्यार्थ्यांना त्यांनी आपले कार्ड दिले आणि परीक्षा झाली की फोन करा, असे आवर्जून सांगितले. गेल्या आठवड्यात त्या चौघांपैकी एक मुलगा गुणपत्रक न्यायला आला, तेव्हा त्याच्या मोबाइलच्या पारदर्शक कव्हरमागे ते कार्ड मला दिसले. सात महिने ते तिथेच होते आणि त्याने एकदाही फोन केला नव्हता. कारण विचारले, तर म्हणाला, "सर, फोन लागला तर पुढं काय बोलायचं?"

त्याचे वडील ऊसतोडणीच्या हंगामात ट्रॅक्टर चालवतात. घरात पदवीपर्यंत पोहोचलेला हा पहिलाच. ज्यांच्या घरी अधिकारी, वकील, डॉक्टर यांची ये-जा असते, त्या मुलांना मोठ्या माणसांशी कसे बोलावे, काय विचारावे आणि कुठे थांबावे हे कोणी न शिकवता येते. आमच्या मुलांना ते कोणी शिकवत नाही, आणि कंपन्याही आमच्याकडे स्वतःहून भरतीला येत नाहीत. म्हणजे ज्यांना ओळखींची सर्वांत जास्त गरज आहे, त्यांनाच त्या जोडण्याची रीत ठाऊक नाही.

ही रीत वर्गात शिकवता येईल का, आली तर कोणत्या वर्षापासून आणि कशी, हे मला विचारायचे आहे. सहकाऱ्यांपैकी एकाने "तुम्ही मुलांना वशिला लावायला शिकवणार का?" असे विचारले, तेही मनातून जात नाही.

दूरवरून

ही शिकवण्याची गोष्ट नाही, असे माझे मत आहे. टक्केटोणपे खाल्ले की माणूस आपोआप शिकतो.

उंबरठा

आपल्या सहकाऱ्यांची शंका मला रास्त वाटते. एम.एस्सी. झाल्यावर एका शिक्षणसंस्थेत मुलाखतीला गेलो होतो. व्हरांड्यात आम्ही अकरा जण सकाळपासून प्रमाणपत्रांच्या फायली मांडीवर घेऊन बसलो होतो. दुपारी तीनच्या सुमारास शिपायाने येऊन जागा भरल्याचे सांगितले. ज्याची नेमणूक झाली, तो मुलाखतीला आलेलाच नव्हता. त्या दिवशी एसटीत बसून घरी येताना मला जे वाटले, ते वीस वर्षांनंतरही तसेच वाटते.

ज्या समाजात वशिल्याच्या तट्टांनी इतक्यांची वाट अडवली आहे, तिथे शिक्षकानेच ओळखी जोडा असे सांगू लागणे म्हणजे मेहनतीवरचा मुलांचा विश्वास काढून घेणे आहे. विषय नीट शिकवावा, परीक्षांची तयारी करून घ्यावी. बाकीचे महाविद्यालयाचे काम नव्हे.

चार्ल्सकाठ

'उंबरठा' यांचे दुःख खरे आहे, परंतु वशिला आणि ओळख या दोन गोष्टींची इथे गल्लत होते आहे, असे मला नम्रपणे वाटते.

मी बॉस्टनजवळ राहतो. शेजारीच न्यूटन नावाचे उपनगर आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने तिथल्या नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना ती कशी मिळाली हे विचारले आणि १९७३ साली त्यावर एक निबंध लिहिला, जो आजही शिकवला जातो. ज्यांना ओळखीतून नोकरी कळली होती, त्यांना त्याने विचारले की त्या माणसाची व तुमची भेट किती वेळा होत असे. आठवड्यातून दोनदा किंवा जास्त भेटणारे १६.७ टक्के निघाले. अधूनमधून भेटणारे ५५.६ टक्के होते, आणि वर्षातून जेमतेम एकदा किंवा त्याहूनही कमी भेटणारे २७.८ टक्के. मुलाखती थोड्याच होत्या, म्हणून आकड्यांना फार चिकटू नये. कारण मात्र विचार करण्यासारखे आहे. आपले जिवलग आपल्याच गावात आणि आपल्याच वर्तुळात वावरतात, त्यामुळे त्यांना जे माहीत असते ते बहुधा आपल्यालाही माहीत असते. नवी बातमी आणतो तो दूरचा माणूस.

२०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनच्या दोन कोटींहून अधिक सदस्यांवर पाच वर्षांत झालेल्या प्रयोगांचा अभ्यास आला. त्यात अगदी घट्ट ओळखींपेक्षा बऱ्यापैकी विरळ ओळखी नोकरी बदलण्यास अधिक उपयोगी पडल्या. मात्र ज्या उद्योगांत संगणकाचे काम कमी, तिथे घट्ट ओळखीच जास्त कामी आल्या, असेही संशोधकांना आढळले. तेव्हा पुण्यातील सॉफ्टवेअर कंपनीसाठी जे सांगाल, तेच फाउंड्रीला लागू पडेल असे समजू नये.

थोडक्यात, आपल्याला आधी माहिती हवी असते, मेहेरबानी नव्हे.

साचेकार

फाउंड्रीचे नाव निघाले म्हणून लिहितो. कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीत माझी लहान फाउंड्री आहे. शिरोलीत आणि इथे मिळून इतक्या फाउंड्र्या आहेत की चांगला प्रयोगशाळा सहायक नेहमीच कोणाला तरी हवा असतो, पण त्यासाठी आम्ही वर्तमानपत्रात जाहिरात देत नाही. शेजारच्या कारखान्यात विचारतो, वाळूच्या पुरवठादाराला विचारतो, आपल्या जुन्या कामगाराला विचारतो. वर 'चार्ल्सकाठ' यांनी घट्ट ओळखीचे सांगितले ते आमच्याकडे असे दिसते. वितळलेल्या लोखंडाजवळ ज्याला उभे करायचे, त्याच्याबद्दल कोणी तरी विश्वासाने सांगितलेले आम्हाला हवे असते. ह्याला वशिला म्हणता येणार नाही, कारण काम येत नसेल तर महिन्याभरात नाकारलेल्या कास्टिंगचा (ओतीव भागांचा) ढीग सगळे सांगून जातो.

मला आठवड्याला चार-पाच निरोप येतात, "सर जॉब आहे का" एवढेच. त्याला काय उत्तर देणार? उलट चार वर्षांपूर्वी एक मुलगी वर्गाबरोबर कारखाना पाहायला आली होती. तिने मला विचारले की पावसाळ्यात तुमचे रिजेक्शन वाढते का. वाढते, कारण कोअर (साच्यात बसवलेले वाळूचे गाभे) हवेतला ओलावा ओढून घेतात, त्याची वाफ होते आणि कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे वायूची भोके, पडतात. हे तिने वाचून ठेवले होते, की वाळूला हात लावून तिच्या मनात आले, मला माहीत नाही. दोन महिन्यांनी प्रयोगशाळेतला माझा माणूस सोडून गेला, तेव्हा मी त्यांच्या सरांना फोन करून विचारले की पावसाचा प्रश्न विचारणारी मुलगी कुठे आहे. आज आमच्या स्पेक्ट्रोमीटरची (धातूतील घटक मोजणाऱ्या यंत्राची) सगळी जबाबदारी तिच्याकडे आहे.

प्रयोगवही

'साचेकार', आपला प्रतिसाद मी उद्या वर्गात वाचून दाखवणार आहे. मुले निरोप कसा लिहितात, हे इथे ठेवतो. दोन्ही नमुने खरे आहेत आणि विद्यार्थिनीच्या परवानगीने देतो आहे. पहिला तिने स्वतः लिहिलेला:

"आदरणीय महोदय, मी मेहनती व प्रामाणिक असून मला आपल्या नामांकित कंपनीत कोणतीही नोकरी द्यावी, ही नम्र विनंती."

दुसरा, आम्ही दोघांनी अर्धा तास बसून लिहिलेला:

"नमस्कार सर. मी बी.एस्सी. तृतीय वर्षात रसायनशास्त्र शिकते. आमच्या महाविद्यालयातील व्याख्यानात आपण म्हणालात की साच्याच्या वाळूतील ओलावा दिवसातून अनेकदा तपासावा लागतो. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही नमुना ओव्हनमध्ये वाळवून वजन घेतो आणि त्याला एक तासाहून जास्त वेळ लागतो. आपल्याकडे तो इतक्या लवकर कसा मोजतात? या आठवड्यात आपल्या सोयीने दहा मिनिटे बोलता येईल का? नाही जमले तरी हरकत नाही."

पहिल्या निरोपात तिने स्वतःला 'कोणतीही' करून टाकले होते, हे तिच्या लक्षात आले तेव्हा ती बराच वेळ गप्प होती.

साचेकार

उत्तर इथेच देतो. वाळूचा ठरावीक वजनाचा नमुना आणि कॅल्शियम कार्बाइडची भुकटी एका बंद भांड्यात घालून हलवायची. ओलाव्याशी कार्बाइडची अभिक्रिया होऊन ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि त्याच्या दाबावरून काट्यावर ओलाव्याचे प्रमाण दिसते. दोन-तीन मिनिटांचे काम आहे. तिला सांगा की अभिक्रियेचे समीकरण तिने लिहून आणावे, भांडे मी दाखवतो. निरोप उत्तम आहे.

अबोली

मी पुण्यात मनुष्यबळ विभागात काम करते आणि सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आले आहे. आतापर्यंतच्या चर्चेत एक गोष्ट राहून गेली आहे. मुलींच्या बाबतीत ओळख वाढवणे इतके सरळ नसते.

मी तिसऱ्या वर्षात असताना एका परिसंवादात भेटलेल्या गृहस्थांना माझा क्रमांक दिला होता. पहिले दोन निरोप कामाचे होते. नंतर रात्री अकराला निरोप येऊ लागले, प्रत्यक्ष भेटण्याचा आग्रह सुरू झाला. घरी सांगितले असते तर शिक्षणच थांबले असते, म्हणून मी क्रमांक बंद केला आणि पुढची दोन वर्षे कोणालाच काही विचारले नाही. माझी कुवत होती, पण धास्तीपोटी दोन वर्षे गेली.

म्हणून शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. पहिला संपर्क महाविद्यालयाच्या ईमेलवरून करू द्यावा आणि त्याची प्रत शिक्षकाला जावी. भेटीला दोघींनी मिळून जावे, तेही कार्यालयात आणि कामाच्या वेळेत. उत्तर द्यायचे नसेल तेव्हा ते न देणे हा उद्धटपणा नव्हे, हे मुलींना स्पष्ट शब्दांत सांगावे, कारण आपल्याकडे मोठ्या माणसाला नाही म्हणायला मुलींना कोणी शिकवत नाही. आणि पालकांना वर्षातून एकदा बोलावून हे सगळे कशासाठी चालले आहे ते समजावून सांगावे. वडिलांना कारखान्याचे नाव आणि बरोबर जाणाऱ्या बाईंचे नाव कळले, की निम्मा विरोध मावळतो.

खडूफळा

'अबोली' यांनी लिहिलेले प्रत्येक महाविद्यालयाने कार्यवाहीत आणावे.

मी मराठवाड्यात वाणिज्य शिकवतो. आमच्याकडेही माजी विद्यार्थी संघ आहे, कारण महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेच्या निकषांत माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाची नोंद असते. वर्षातून एक मेळावा, दोन सत्कार, शाल-श्रीफळ, सामूहिक छायाचित्र, आणि मग वर्षभर कोणाचा कोणाशी संबंध नाही. मागल्या वर्षी मी वेगळे करून पाहिले. एक जाड वही घेतली आणि गेल्या सहा वर्षांत उत्तीर्ण झालेल्यांपैकी जे तालुक्यापासून पन्नास किलोमीटरच्या आत कामाला आहेत, त्यांना एकेक करून फोन केले. साठ-पासष्ट जण सापडले. करसल्लागाराकडे, पतसंस्थेत, दुचाकीच्या विक्री केंद्रात, सोयाबीनच्या प्रक्रिया उद्योगात.

माझा अनुभव असा की, मोठ्या पदावर पोहोचलेल्या माजी विद्यार्थ्यापेक्षा दोन-तीन वर्षांपूर्वी लागलेला विद्यार्थी मुलांच्या जास्त उपयोगी पडतो. मोठा माणूस आपल्या संघर्षाची कथा सांगतो आणि ती ऐकायला चांगलीही असते. पण पहिल्या दिवशी जीएसटीच्या विवरणपत्रात कुठे चूक झाली, मुलाखतीत टॅलीवर कोणती नोंद करायला लावली, पगार हातात किती येतो, हे ताज्या माणसालाच आठवते. आणि मुलांनाही त्याला विचारायला संकोच वाटत नाही, कारण तोही त्याच बाकावर बसलेला असतो.

वहीचा एक नियम मात्र आम्ही कटाक्षाने पाळतो. ज्या मुलाने ज्याचा सल्ला घेतला, त्याने पंधरा दिवसांत त्या माणसाला पुढे काय झाले ते कळवायचे. नोकरी मिळाली नाही तरी कळवायचे. कळवल्याची तारीख वहीत पडल्याशिवाय दुसरा क्रमांक मिळत नाही. सुरुवातीला मुलांना हे जाचक वाटले. पण मदत करणारी माणसे का दुरावतात, याचा विचार केला तर बहुतेक वेळा हेच निघते, की आपण वेळ दिला आणि नंतर त्या पोराने तोंडही दाखवले नाही.

दूरवरून

वहीचा नियम फार आवडला. आपोआप शिकतो असे मी वर म्हटले होते, पण ते कदाचित ज्यांना टक्केटोणपे परवडतात त्यांच्यापुरतेच खरे असावे.

जुनेपान

कोल्हापूरचा विषय निघाल्यावर एक जुनी आठवण द्यावीशी वाटते. आपण ज्याला आज नवा विषय समजतो आहोत, त्याची मांडणी या गावाने शंभर वर्षांपूर्वीच केली होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू करून दिले आणि पुढे जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली. १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. खेड्यातून आलेल्या पोराला शहरात जेवण आणि छप्पर मिळालेच, शिवाय पुढे वकील, शिक्षक, मामलेदार होणारे सोबतीही मिळाले. आयुष्यभर पुरतील अशा ओळखी त्या पंगतीत झाल्या.

उंबरठा

'जुनेपान' यांच्या लिहिण्यातच माझा पुढचा आक्षेप आहे. ती वसतिगृहे त्या काळाच्या गरजेतून जातवार निघाली आणि त्यांचे उपकार मोठे आहेत. पण ओळखी जातीच्या आत राहिल्या, की ज्या जातीकडे कारखाने आणि कचेऱ्या आहेत तिच्याच मुलांना बातमी लागते. साताऱ्याला १९२४ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढले, त्यात सर्व जातींची मुले एकत्र राहत आणि एकत्र जेवत, म्हणून मला त्या प्रयोगाचे मोल अधिक वाटते.

या चर्चेने मी माझे मत काही अंशी बदलले आहे, ते प्रामाणिकपणे नोंदवतो. निर्णय वाकवायला सांगणे हा वशिला, आणि निर्णय कसा होतो हे विचारणे ही ओळख, एवढा फरक मुलांना शिकवता येत असेल तर मी विरोध करणार नाही. मात्र माझी एक अट आहे. शिक्षकाने आपल्या ओळखी आपल्या आवडत्या चार मुलांसाठी राखून ठेवू नयेत. पुढच्या बाकावरच्या, धीट, बोलक्या मुलांनाच कार्डे मिळतात. प्रयोगवही सर, आपल्याकडेही चारच जणांना मिळाली. मागच्या बाकावर जो गप्प बसला होता, त्याचे काय?

प्रयोगवही

'उंबरठा', आपला प्रश्न मला लागला, आणि तो लागायलाच हवा होता. आपली अट मान्य आहे. 'खडूफळा' यांच्यासारखी वही आम्ही या महिन्यापासून सुरू करतो आहोत, ती विभागात टेबलावर उघडी राहील आणि पाळी हजेरीपटाच्या क्रमाने येईल. दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने सहामाहीत दोन अनोळखी माणसांशी कामाविषयी बोलायचे आणि एक पान लिहायचे. अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षणाचे चार श्रेयांक आता आलेच आहेत. जागा शोधण्याची धावपळ शेवटच्या क्षणी करण्यापेक्षा ती या पानांतूनच निघावी, असा विचार आहे. मुलींसाठी 'अबोली' यांनी सुचवलेली पद्धत पहिल्या दिवसापासून लागू राहील.

आता कार्डाच्या मुलाविषयी. परवा तो पुन्हा आला. आम्ही कागदावर पाच ओळी लिहिल्या. नाव, कुठे भेटलो, काय आठवते, काय विचारायचे आहे, आणि आभार. त्याने माझ्यासमोर फोन लावला. मोबाइल क्रमांक बंद होता, म्हणून कार्यालयाचा लावला, तर ते अधिकारी तो कारखाना सोडून गेल्याचे कळले. मुलगा फोन ठेवणार तोच मी खुणेने थांबवले आणि त्याने नवा क्रमांक मिळेल का, असे विचारले. पलीकडच्या माणसाने निरोप ठेवायला सांगितले, आणि संध्याकाळी त्या अधिकाऱ्यांचा स्वतःहून फोन आला. मुलगा प्रयोगशाळेतच होता. फोन घेताना तो स्टुलावरून उठून उभा राहिला आणि सहा मिनिटे तसाच उभ्याने बोलला. त्यांना याचे नाव आठवत नव्हते, पण याने व्याख्यानात विचारलेला प्रश्न आठवत होता. सध्या जागा नाही असे त्यांनी स्पष्ट सांगितले, धातूंच्या परीक्षणाची तोंडओळख करून घे म्हणाले आणि कुठे शिकता येईल तेही सांगितले.

फोन ठेवल्यावर त्याने पाच ओळींचा तो कागद घडी घालून कव्हरमागे ठेवला.

साचेकार

सर, त्या मुलाला आणि ओलाव्याचा प्रश्न विचारणाऱ्या मुलीला घेऊन येत्या शनिवारी सकाळी नऊला या. मागच्या बाकावरचेही आणा. सगळे मिळून दहा जण पुरे, त्याहून जास्त असतील तर भट्टीजवळ मला लक्ष ठेवता येत नाही. चपला चालणार नाहीत, बंद बूट हवेत. ओढणी किंवा सैल कपडे असतील तर आमच्याकडे कोट आहेत. सोबत एक बाई शिक्षक असाव्यात.

प्रयोगवही

येतो. सहा मुली, चार मुले आणि आमच्या विभागातील एक बाई. तिघांकडे बूट नाहीत. त्यांच्या पायांची मापे आजच घेतली आहेत, शुक्रवारपर्यंत सोय करतो.